वर्गातला उपक्रम नेमका कुठे फसतो? या चुका टाळा

नववी-दहावीला उपक्रम घ्यायचा म्हटलं की चार्टपेपर येतात, स्केचपेन येतात, फोटोही निघतात. तास संपल्यावर एखाद्या लेकराला विचारा, "आज काय कळलं?" ते खाली बघतं. मराठवाड्यातल्या शाळेत गणित शिकवताना हे मी अनेकदा अनुभवलंय. साहित्य कमी पडलं म्हणून असं झालं नाही. उत्तर काय येणार हे लेकरांना आधीच ठाऊक होतं, म्हणून झालं.

त्रिकोणमितीचंच घ्या. कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवायची, मध्यबिंदूतून दोरा सोडायचा, टोकाला जुना नट बांधायचा. गोल बाजू खाली धरून स्ट्रॉमधून कडुलिंबाचा शेंडा बघायचा आणि दोरा कुठल्या अंशावर आला ते शेजारच्यानं वाचायचं. खर्च जवळपास शून्य. इथे बहुतेक जण एक चूक करतात. सोपं पडावं म्हणून पोरांना ४५ अंश येईल तिथेच उभं करतात. त्यात खरी गंमत मारली जाते, कारण नजर आडवी असताना दोरा ९० वर असतो आणि उन्नत कोन (नजर आडव्यापासून जितकी वर उचलली तो कोन) म्हणजे ९० मधून झालेला फरक. ४५ वर दोन्ही आकडे सारखेच, त्यामुळे कोणता कोन घेतला हे कळतच नाही.

त्यापेक्षा दोरा ६० वर येईपर्यंत मागे सरकायला सांगा. समजा झाडापासूनचं अंतर १५ मीटर भरलं. निम्मे गट ६० हाच कोन धरून १५ ला १.७३ नं, म्हणजे tan ६० नं, गुणतात आणि झाड २६ मीटरचं होतं. बाकीचे ३० धरून tan ३० नं गुणतात, त्यांचं साडेआठच्या पुढे जातं. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि गप्प राहा. हे गप्प राहणं फार अवघड जातं, पण खडू खाली ठेवाच. कुणीतरी खिडकीतून झाडाकडे बघतं आणि म्हणतं, "सर, एवढं मोठं कुठाय ते?" तिथून धडा सुरू होतो. नजरेची उंची, म्हणजे सुमारे १.४ मीटर, मिळवायची राहिली हे नंतर त्यांचं त्यांनाच सापडतं. मग उत्तर दहाच्या आसपास येतं.

गट चौघांचाच ठेवा: एक बघणारा, एक वाचणारी, एक टेप धरणारा, एक लिहिणारी. पुढच्या मोजणीला कामं बदला. दहाचा गट केला की तिघं राबतात आणि बाकीचे सावली गाठतात.

दुसरी चूक उदाहरणांची. नेटवरून उचललेल्या वर्कशीटमध्ये पिझ्झ्याचे तुकडे असतात. आपल्याकडे त्याहून जिवंत आकडे पडलेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या घरात होती. माणशी किती पाणी? भागाकार सोपा आहे, उत्तर साधारण १.३ लिटर. पण तो करून झाल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती मी कुठल्याच पुस्तकी उदाहरणानं पाहिली नाही. पुढचा प्रश्न लेकरंच विचारतात: आपल्या घरी रोज किती घागरी लागतात?

इतिहासात "माहिती गोळा करा" हा शब्दप्रयोगच टाळा. त्यातून मोबाईलवरून उतरवलेली पानं येतात. एकच नेमका प्रश्न द्या: ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तुम्ही कुठे होतात? चाळिशीपुढच्या जवळपास प्रत्येकाकडे याचं उत्तर असतं. मात्र ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना आधी विचारूनच बोलतं करायचं, नको म्हणाले तर वही मिटायची, हे पाठवण्याआधी समजावून सांगा. माझ्या मते ही तयारी मुलाखतीइतकीच मोलाची.

तीन-तीन महिन्यांचे प्रकल्प दिवाळीच्या तोंडावर सुरू करू नका. ऊसतोडीला आई-बाप निघाले की काही लेकरं फडावर जातात आणि प्रकल्प अर्धवट राहतो. परत आल्यावर त्यांना वाटतं, आपणच मागं पडलो. त्या काळात एका-दोन तासांत पुरे होणारेच उपक्रम घ्या.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचा व्हिडिओ दाखवायचा असेल तर आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवा. पुस्तकातला क्यूआर कोड वर्गात स्कॅन करत बसलात तर रेंज आणि लाईट यांतच तास जातो. आणि "घरी बघून या" म्हणू नका. घरातला एकुलता एक मोबाईल बऱ्याचदा बापासोबत शेतात असतो.

टेप नसली तरी अडू नका. सुतळीला दर मीटरला गाठ मारा, पाचव्या गाठीला रंगीत चिंधी बांधा. पंधरा मीटरची अशी दोरी पोरं मधल्या सुट्टीत तयार करतात.