गावातल्या माणसांच्या गोष्टींचं सचित्र पुस्तक कसं करायचं

माझी पहिली गोष्ट एका मासेवाल्या काकीवर होती. चित्र पण मीच काढलं, काकी माशांच्या पाटीसमोर बसलेली, डोळ्यात पाणी, मागे समुद्र. तिला नेऊन दाखवलं तर तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "माका कित्याक रडवलंस? आणि माझो कोयतो खय आसा?" ते चित्र मी पुस्तकात घेतलं नाही, आणि पुढची सगळी चित्रं त्या कोयत्यापासून सुरू केली.

म्हणून पहिलं सांगणं हे की विषय ठरवून लिहायला बसू नका. स्थलांतर, व्यसन, मच्छीमारांचे प्रश्न अशी यादी केली की पात्रं भाषण द्यायला लागतात. त्यापेक्षा माणसाचं काम आणि त्याच्या घरातला पैसा धरा. आपल्याकडे कोकणात यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे 61 दिवस, तेव्हा बोटीवर जाणाऱ्याच्या घरी उधारी कुठल्या दुकानात चालते, जाळी कोण शिवतं, बायको कोणाच्या भात लावणीला जाते? रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं, ओढायला आलेल्याला वाटा मिळतो, मग ज्याच्याने आता दोर ओढवत नाही त्या म्हाताऱ्याला काय देतात? आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी कुटुंब असतं, त्यांची पोरगी शाळेत मराठी बोलते आणि मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, परत आली की आईला बाजारातला हिशोब समजावते, यात अख्खी गोष्ट आहे बघा.

माणसांकडे जायची वेळ पण सांभाळा. माशांचा लिलाव चालू असताना कोणी बोलणार नाही, आणि बोलायला लावू पण नये. दुपारी जा, पडवीत बसा, मोबाईलचं रेकॉर्डिंग विचारून मगच चालू करा. "तुम्हाला कसं वाटतं" असं विचारलं की लोक पेपरात छापल्यासारखं बोलतात, "काल किती वाजता उठलात, बर्फाला किती गेले" असं विचारलं की दोन तास बोलतात.

आता नावाचं. नुसतं नाव बदलून भागत नाही कारण वाडीत पोस्टमन एकच असतो, सगळ्यांना कळतंच. घराण्यातलं भांडण, आजारपण, दारू असलं काही असेल तर धंदा बदला, गाव बदला, दोन माणसांचं एक करा. आणि छापायच्या आधी ज्याची गोष्ट आहे त्याला वाचून दाखवा, त्याने काढ म्हटलं तर काढा. यात मी तडजोड करत नाही, कितीही चांगला परिच्छेद असू दे.

संवाद मालवणीत, संगमेश्वरीत, जसे बोलतात तसेच ठेवा, निवेदन साध्या मराठीत. तळटीपा नकोत. एखादा शब्द अडेल असं वाटलं तर शेजारच्या वाक्यातून कळू द्या.

चित्रांसाठी एकदा कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन याच. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे आपल्याच मातीतली सचित्र गोष्ट, एक चित्र समोर धरायचं, गाऊन सांगायचं, मग पुढचं चित्र. परशुराम गंगावणेंना या कामासाठी 2021 ची पद्मश्री जाहीर झाली. माझ्यासाठी तिथला धडा असा की चित्र थांबलेलं असतं आणि गोष्ट चालत असते, दोघांची कामं वेगळी. गोष्टीत जे लिहिलंय तेच परत काढू नका. गोष्टीत सून मुंबईला गेली असं असेल तर चित्रात कुलूप लावलेलं माजघर काढा, नाहीतर खुंटीवर राहिलेली तिची ओढणी. चेहरे कमी, हात, भांडी, हत्यारं जास्त. पावसात कागद इतका सादळतो की शाई फुटते, तेव्हा कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा आणि चित्र झालं की लगेच स्कॅन करा, रेघांचं काळं चित्र 600 डीपीआयवर (स्कॅनरमधली बारकाव्याची सेटिंग), छटा असलेलं 300 वर.

छपाईचं गणित सोपं आहे. पुस्तक 16 पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकत्र छापून दुमडायच्या कागदात, बसवायचं, मी दहा गोष्टी धरते, प्रत्येकी आठ पानं मजकूर आणि दोन पानं चित्रं, वर सुरुवातीची आणि शेवटची 12 पानं, झाली 112, म्हणजे बरोब्बर सात फॉर्म. आतलं काळंपांढरं, रंग फक्त कव्हरला, खर्च आटोक्यात राहतो. युनिकोड मजकूर प्रेसच्या जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट झाला की जोडाक्षरं आणि 'दुसऱ्या'मधला ऱ्य हमखास तुटतो, तेव्हा प्रूफ कागदावर मागा आणि दोघांनी वाचा, एकाने मोठ्याने. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

प्रूफ जूनअखेर संपवा म्हणजे पुस्तक गणपतीच्या आधी हातात येतं. तेव्हा चाकरमानी घरी असतात, आरती झाल्यावर खळ्यात, म्हणजे अंगणात, माणसं बसलेली असतात, त्यातली एक गोष्ट तिथेच वाचा, पण ज्यांची आहे त्यांना कॉपी आदल्या दिवशी नेऊन दिलेली हवी.