उन्हवऱ्याच्या कुंडावर पाण्याचे नमुने घेताना

कोकणात ‘ऊन पाणी’ म्हणजे गरम पाणी, आणि उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे या गावांच्या नावांतच ते ऐकू येते. दापोली तालुक्यातील उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंश सेल्सियस असते. भूजल रसायनशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी प्रथम तेथे गेलो, तेव्हा खरे काम प्रयोगशाळेत असते, अशी माझी समजूत होती.

पहिली अडचण माणसांची असते. उजाडले की स्नानाला येणाऱ्यांची वर्दळ सुरू होते आणि साबणाचे पाणी कुंडात मिसळते. म्हणून पहाटेच पोहोचावे, गुरवांना किंवा गावकऱ्यांना काय करणार आहोत ते सांगावे आणि कुंडाच्या काठावरून नव्हे, तर बुडबुडे वर येतात त्या उगमापाशीच पाणी घ्यावे.

तापमान, सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता तेथेच मोजावी लागते. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जाऊ लागला की सामू चढतो, आणि संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर मोजलेला आकडा झऱ्याचा राहत नाही. क्षारतेचे अनुमापनही, म्हणजे आम्ल थेंबाथेंबाने घालून केलेले मोजमाप, मी कुंडाच्या पायरीवर बसूनच करतो. सामूमापक ४, ७ आणि १० सामूच्या द्रावणांनी रोज सकाळी जुळवून घ्यावा. तो इतके तापमान सोसतो का, हे मात्र निघण्यापूर्वीच पाहावे.

नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून पॉलिथिलीनच्या बाटल्यांत भरावा. काचेतून सिलिका आणि बोरॉन पाण्यात उतरू शकतात. धनायनांच्या, म्हणजे धनभारित आयनांच्या, बाटलीत शुद्ध नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणावा. आधी गाळले नाही, तर गाळातले लोह आणि ॲल्युमिनियमही आम्लात विरघळून आकडे फुगवतात. ऋणायनांच्या, म्हणजे ऋणभारित आयनांच्या, बाटलीत काहीही घालायचे नसते. सिलिकेसाठी मात्र थोडे पाणी जागेवरच आयनविरहित पाण्याने दहापट पातळ करावे, कारण गरम पाणी निवताना सिलिका साका बनून बाहेर पडू शकते, आणि भूगर्भातील तापमानाचा अंदाज बांधायला तीच लागते. समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंच्या तपासणीची, बाटली काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता घट्ट बंद करावी.

हे सारे पाठ असूनही त्या पहिल्या खेपेला माझ्याकडून आम्ल ऋणायनांच्या बाटलीत पडले. वाफेने ओल्या झालेल्या कागदी चिठ्ठीवरची शाई पसरली होती आणि दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच होत्या. नायट्रिक आम्लामुळे नायट्रेटचा आकडा अर्थातच निरर्थक ठरला. पुन्हा जाईपर्यंत पाऊस सुरू झाला होता. वरच्या थरातील थंड पाणी झऱ्यात मिसळल्यामुळे ते नमुने मे महिन्यातील नमुन्यांशी ताडून पाहण्याजोगे राहिले नाहीत, आणि पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागली. तेव्हापासून आम्लाच्या बाटल्यांना लाल झाकण आणि बाटलीच्या अंगावरच कायम शाईने क्रमांक, अशी माझी पद्धत आहे.

निकाल हाती आले की धनायन आणि ऋणायन यांच्या विद्युतभारांची बेरीज प्रथम ताडावी. फरक ५ टक्क्यांहून अधिक असेल, तर प्रयोगशाळेला दूरध्वनी करण्यापूर्वी मी स्वतःची क्षेत्रवही उघडतो.