मानदुखीची प्रश्नावली ग्रीक रुग्णांपर्यंत नेताना

‘नेक डिसेबिलिटी इंडेक्स’ ही मानदुखीमुळे रोजच्या कामांत येणारा अडथळा दहा प्रश्नांतून मोजणारी प्रश्नावली हॉवर्ड व्हर्नन आणि सिल्व्हानो मायर यांनी १९९१ मध्ये कंबरदुखीच्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीच्या धर्तीवर तयार केली आणि क्रीट बेटावरील रुग्णांवर तपासलेली तिची ग्रीक आवृत्ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, हे अशा प्रश्नावल्यांचा अनुवाद आणि पडताळणी करायला उतरणाऱ्या बहुतेक संशोधक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. दोन स्वतंत्र अनुवाद, त्यांचा मेळ, उलट अनुवाद (म्हणजे पुन्हा मूळ भाषेत अनुवाद), तज्ज्ञांची बैठक आणि तीस-चाळीस रुग्णांवरील पूर्वचाचणी या पायऱ्यांविषयीही मी विस्ताराने लिहीत नाही. ग्रीसमध्ये संशोधन करताना मला सर्वाधिक छळले ते आठव्या प्रश्नाने, म्हणजे वाहन चालवण्याविषयीच्या प्रश्नाने.

ग्रीसच्या खेड्यांतील अनेक वयस्क स्त्रियांनी आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही. अशी रुग्ण हा प्रश्न कोरा सोडते, किंवा ‘मी गाडी मुळीच चालवू शकत नाही’ या शेवटच्या पर्यायावर प्रामाणिकपणे खूण करते, कारण मूळ प्रश्नावलीत त्या पर्यायात मानदुखीचा उल्लेखच नाही. आता आकडे पाहा. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण असतात. उरलेल्या नऊ प्रश्नांत तिला २४ गुण मिळाले आहेत असे धरू. कोऱ्या प्रश्नाला शून्य दिले, तर ५० पैकी २४, म्हणजे ४८ टक्के होतात आणि ती ‘मध्यम’ गटात राहते. ४५ पैकी २४ धरले, तर ५३.३ टक्के होतात आणि ती ‘तीव्र’ गटात जाते. शेवटच्या पर्यायाचे पाच गुण मिळवले, तर ५८ टक्के होतात. मान तीच, दुखणे तेच, आणि तरी आकडे तीन.

ही चूक पुनर्चाचणीत उघडी पडत नाही, हे मी बजावून सांगते. ती रुग्ण दुसऱ्या वेळीही तोच प्रश्न कोरा सोडते, दोन्ही वेळचे गुण जुळतात, विश्वासार्हतेचा गुणांक उत्तम येतो आणि एका संपूर्ण गटाचे अपंगत्व सातत्याने चुकीचे मोजले जात राहते. म्हणून ‘गाडी चालवत नाही’ आणि ‘मानेमुळे चालवू शकत नाही’ या दोन उत्तरांची नोंद पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा आणि कोऱ्या उत्तरांचा नियम माहिती गोळा करण्याआधीच लेखी ठरवा. आकडे हाती आल्यावर ठरवलेल्या नियमावर परीक्षकाने विश्वास का ठेवावा?

केवळ अल्फा गुणांकावर, म्हणजे प्रश्नांची उत्तरे परस्परांशी किती जुळतात हे सांगणाऱ्या आकड्यावर, समाधान मानणारा मार्गदर्शक निवडू नका. पूर्वचाचणीत रुग्णाशेजारी बसून ‘हे उत्तर का निवडलेत?’ असे विचारलेला मार्गदर्शक मला संख्याशास्त्रातील कोणत्याही पंडिताहून अधिक मोलाचा वाटतो. उलट अनुवादासाठी मूळ प्रश्नावली माहीत असलेला सहकारी घेणे हा आडमार्ग सोयीचा असला, तरी त्याने ती पायरीच निरर्थक होते.

तरीही घाबरून जाऊ नका. प्रश्न दहाच आहेत, बहुतेक सरळ आहेत, आणि वाचन, झोप किंवा डोकेदुखी यांविषयी रुग्ण मोकळेपणाने बोलतात. पूर्वचाचणीत वाहन न चालवणारे रुग्ण मुद्दाम घ्या, त्यांच्या अडचणी त्यांच्याच शब्दांत टिपा आणि ते टिपण तज्ज्ञांच्या बैठकीपुढे गुणांच्या तक्त्याआधी ठेवा.