रेडिएटर वरून गार, खालून गरम? आतली हवा अशी काढा

ब्रिटनमधल्या घरांत थंडीच्या सुरुवातीला हीटिंग चालू केलं की हमखास एखादा रेडिएटर (बॉयलरमधलं गरम पाणी ज्यातून फिरतं ते भिंतीवरचं पॅनेल) खाली तापतो आणि वर गारच राहतो. वर हवा साठली की पाणी तिथवर पोचत नाही. मात्र आधी हात लावून नीट तपासा. वर गरम आणि खालचा मधला भाग गार असेल तर तो गंजाचा काळा गाळ असतो, हवा काढून तो जाणार नाही.

हीटिंग बंद करा आणि रेडिएटर निवू द्या. पंप चालू राहिला तर काही घरांत हवा बाहेर पडण्याऐवजी आत ओढली जाते, शिवाय पाणी कढत असतं. दोन मजली घरात खालच्या मजल्यापासून सुरुवात करून वर जा.

हवा सोडायचा छोटा व्हॉल्व्ह रेडिएटरच्या एका टोकाला, वरच्या बाजूला असतो. त्याची चौकोनी भोकाची किल्ली हार्डवेअरच्या दुकानात मिळते. काही व्हॉल्व्हना खाच असते, तिथे चपटा स्क्रूड्रायव्हर चालतो. खाली भांडं आणि जुनं फडकं धरा. पाणी बरेचदा काळं निघतं आणि कार्पेटवरचा तो डाग सहज जात नाही. किल्ली घड्याळाच्या उलट दिशेने पाव, फार तर अर्धा फेरा फिरवा. फुस्स आवाज थांबून पाण्याची सलग धार आली की लगेच बंद करा. स्क्रू पूर्ण काढायचा नाही; तो निघून आला तर पाणी उसळत असताना परत बसवणं महाकठीण. बंद करतानाही जोर नको, व्हॉल्व्ह पितळी असतो.

हवाही नाही, पाणीही नाही? मग बहुधा प्रेशर संपलंय, किंवा भोक रंगाने बुजलंय. व्हॉल्व्ह आधी बंद करा.

यानंतरचं काम लोक विसरतात: बॉयलरचं प्रेशर. हवा गेली की ते उतरतं. कॉम्बी बॉयलरचा (साठवणीच्या टाकीशिवाय चालणाऱ्या बॉयलरचा) प्रेशरचा काटा थंड असताना साधारण 1 ते 1.5 बारवर (बार म्हणजे दाबाचं एकक) हवा. कमी असेल तर फिलिंग लूपचे व्हॉल्व्ह (बॉयलरखालच्या जाळीदार नळीवरचे) हळूहळू उघडा, काटा जागेवर येताच दोन्ही घट्ट बंद करा. एखादा जरा जरी उघडा राहिला तर प्रेशर चढत जातं आणि 3 बारच्या आसपास सेफ्टी व्हॉल्व्हमधून घराबाहेरच्या नळीने पाणी गळू लागतं. माळ्यावर छोटी टाकी असलेल्या जुन्या घरांत हे करावं लागत नाही, पाणी आपोआप भरतं.

तोच रेडिएटर महिन्याभरात पुन्हा वर गार पडला, तर हवा नसून गंजामुळे तयार होणारा हायड्रोजन असू शकतो. म्हणून हवा सोडताना जवळ काडी किंवा मेणबत्ती नको. पाण्यातलं गंजरोधक द्रव्य संपलंय का ते हीटिंग इंजिनिअरकडून तपासून घ्या. बॉयलरचं कव्हर मात्र गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्यानेच उघडावं.