शाल-श्रीफळ नंतर, आधी मोजणी

सोलापुरात पत्रकारांची संघटना काढायची म्हटलं की पहिल्या बैठकीत अध्यक्ष ठरतो, दुसऱ्या बैठकीत लेटरहेड येतं आणि तिसरी बैठक होत नाही. आम्हीही हेच केलं होतं. मराठी पेपरात नोकरी, पण घरी तेलुगू, कन्नड नाहीतर उर्दू बोलणारे आम्ही नऊ जण. अशोक चौकाजवळच्या हॉटेलात चहावर चहा झाला, कार्याध्यक्षपदावरून दोन सीनियर रुसले, आणि लेटरहेडचं बंडल माझ्या घरच्या माळ्यावर जाऊन पडलं.

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषिक देशांत मुळं असलेल्या, पत्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेचं एक काम उचललं. ही संघटना १९८४ सालची. अधिवेशन, नोकरी मेळावा, शिष्यवृत्त्या असं बरंच करते. मला भावली ती तिची मोजणी. बड्या टीव्ही नेटवर्कच्या संध्याकाळच्या बातम्या तपासून त्यात लॅटिनोंविषयीच्या (हिस्पॅनिकांचंच दुसरं नाव) किती, याचा अहवाल ही मंडळी काढायची. नाव ‘नेटवर्क ब्राउनआउट’. लोकसंख्येत दहांत एकाहून जास्त माणसं लॅटिनो, आणि बातम्यांत आकडा एक टक्क्याच्या आसपास! ‘आमच्याकडेही बघा’ म्हणणाऱ्याला संपादक चहा पाजून वाटेला लावतो. आकडा पुढ्यात ठेवला की निदान चष्मा तरी लावतो.

तेव्हा आपल्या भाषेच्या लोकांविषयीच्या बातम्या मोजायच्या कशा ते सांगतो. एक पेपर, एक महिना, बस्स. चार पेपर घेतले की आठव्या दिवशी दम लागतो. रोज पाच रकाने भरा: तारीख, पान, विषय, बातमीत बोललं कोण, आणि फोटो कुणाचा. चौथा रकाना जपून भरा. विडी कामगार बायकांच्या मजुरीची बातमी असते, पण बोलतात त्यात पुढारी, अधिकारी आणि कारखानदार. हजार विड्या वळणारी बाई फक्त फोटोत. अशी बातमी ‘आमची’ धरायची का, हे पहिल्याच दिवशी ठरवून लिहून ठेवा, नाहीतर पंधराव्या दिवशी आपल्या सोयीचं ठरतं. एकच अंक दोघांनी वेगवेगळा मोजा आणि रविवारी ताडून बघा. माझा आणि माझ्या जोडीदाराचा पहिला आठवडा अजिबात जुळला नाही, कारण तो आडनावावरून मोजत होता. आडनावाने फसायला होतं. हिस्पॅनिक म्हणजे तरी काय, मेक्सिकन, पोर्तोरिकन, क्यूबन सगळे त्यात आले, आणि त्यांतल्या कित्येकांना स्पॅनिश येतही नाही. मी स्वतः घरी तेलुगू बोलतो, पण वाचायला बसलो की अक्षर अक्षर लावत वाचतो. शाळा मराठी ना! रकाने आखायला लेटरहेडची मागची बाजू उत्तम.

महिन्याच्या शेवटी आमच्या हाती काय आलं? नारळी पौर्णिमेचा, आमच्या तेलुगू विणकरांचा मार्कंडेय रथोत्सव होता, हाणामाऱ्या होत्या. बँकेचं कर्ज, मुलांचे निकाल, दवाखाना, म्हणजे माणसाचं रोजचं जगणं, जवळजवळ नव्हतंच.

यानंतर संपादकाला पत्र लिहायचं, आणि एका पत्रात एकच मागणी. हिस्पॅनिक संघटनेने २००६ मध्ये माध्यमांना सांगितलं, की कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना सरसकट ‘इल्लीगल्स’ म्हणणं सोडा. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या शैलीपुस्तिकेतून ‘इल्लीगल इमिग्रंट’ हा शब्दप्रयोग काढला तो एप्रिल २०१३ मध्ये, आणि तोही अनेक संघटनांच्या रेट्यानंतर. सात वर्षं! आपलं पत्र सात दिवसांत मान्य झालं नाही म्हणून राजीनामे देऊ नका. आमची तक्रार ‘परप्रांतीय’ या शब्दाची होती. पणजोबांपासून इथे माग चालवणाऱ्या घराला एका पेपराने मथळ्यात परप्रांतीय केलं होतं. पत्रात कात्रण लावलं, पर्याय दिला, ‘तेलुगू भाषिक’, आणि खाली सह्या. निषेध, धिक्कार वगैरे काही नाही. उत्तर आलं नाही, पण तो शब्द त्या अर्थाने पुन्हा दिसला नाही म्हणून मी आपला खूश.

नोंदणीची घाई नको. सोसायटी म्हणून नोंदवायला १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात, शिवाय महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंद, मग दरवर्षी हिशेब तपासणी, आणि विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. वर्षभर मोजणी टिकली तरच तिकडे फिरका. पैसा सभासदांच्या वर्गणीचाच असू द्या. ज्याच्या कारखान्याची बातमी उद्या करायची, त्याच्याकडून बॅनरसुद्धा घेऊ नये. यावर आमच्यात अजून वाद आहे.

जास्त वेळ द्या तो पत्रकारिता शिकणाऱ्या पोरांना. त्या संघटनेच्या शिष्यवृत्त्या रुबेन सालाझार यांच्या नावाने आहेत. लॉस एंजेलिस टाइम्समधले स्तंभलेखक आणि एका स्पॅनिश वाहिनीचे वृत्तप्रमुख. २९ ऑगस्ट १९७० रोजी मोर्चाच्या दिवशी ते एका बारमध्ये बसले होते, आणि शेरीफच्या माणसाने झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं डोक्याला लागून वारले. सोलापूरकराला हे परकं वाटू नये. इंग्रजांनी फासावर दिलेल्या आपल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेनही वृत्तपत्र चालवणारेच.

एवढी मोठी शिष्यवृत्ती आपल्याला झेपणार नाही. शनिवारी दोन तास झेपतात. विद्यापीठातल्या पत्रकारितेच्या मुलांना बोलवा, त्यांची बातमी त्यांच्यासमोर लाल पेनाने तपासा, बायोडेटा वाचा. मागे एक मुलगी आली होती, आई विड्या वळते. बायोडेटात भाषा म्हणून मराठी, हिंदी, इंग्रजी. मी विचारलं, ‘‘घरी काय बोलतेस गं?’’ ‘‘तेलुगू, सर. पण ते कशाला लिहायचं?’’ पेन तिच्या हातात दिलं आणि तेलुगू पहिल्या ओळीत लिहायला लावलं.