फोन कंपनीने ऑपरेटिंग सिस्टिम बदलली? ॲप बनवणाऱ्यांनो, या चुका टाळा

११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियाने जाहीर केलं की यापुढे आपले स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर चालतील. तोवर हीच कंपनी डेव्हलपरांना 'क्यूटी (ॲप लिहायचं साधन) शिका, सिम्बियन आणि मीगो या दोन्ही सिस्टिमवर चालेल' असं सांगत होती. क्यूटी बनवणारी ट्रोलटेक कंपनी तर तिने २००८ मध्येच विकत घेतली होती. विंडोज फोन ७ वर मात्र क्यूटी चालतच नव्हतं. तिथे ॲप लिहायचं ते सी शार्पमध्ये, मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट किंवा एक्सएनए वापरून. क्यूटीसाठी सी प्लस प्लसमध्ये घासून तयार केलेला कोड तिथे कुणाच्या उपयोगाचा राहिला नाही.

आपल्या नाशिकात कॉलेज रोड-गंगापूर रोडवर चार-पाच जणांच्या ऑफिसात बसून कुणी फवारणीच्या नोंदीचं ॲप करतं, कुणी कांद्याच्या भावाचं, कुणी अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी हजेरीचं. फोन कंपनीचा निर्णय आपल्याला विचारून होत नाही. पण तो झाल्यावर पुढचं नुकसान बऱ्याचदा आपणच ओढवून घेतो.

घोषणा ऐकली की लगेच सगळं नव्याने लिहायला घेणं

आधी सर्व्हरचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) उघडा. कुठल्या कंपनीचा फोन, कुठली आवृत्ती, किती वापरकर्ते, हे तिथे पडलेलं असतं. निफाड-दिंडोरीकडे एक गोष्ट हमखास दिसते: मालक नवा फोन घेतो आणि जुना बागेवरच्या माणसाकडे जातो. फवारणीची नोंद करतो तो बागेवरचा माणूस. त्यामुळे जुनी सिस्टिम शहरातून गेली तरी शेतात टिकून असते.

घाई करणाऱ्यांची गत विंडोज फोनमध्ये काय झाली तेही आठवा. २०१२ मध्ये विंडोज फोन ८ आलं, पण विंडोज फोन ७ चे फोन त्यावर अपग्रेडच झाले नाहीत, त्यांना ७.८ देऊन गप्प बसवलं. जुनी ॲप नव्या फोनवर चालायची, नव्यासाठी लिहिलेली जुन्यावर नाही. एकदा उडी मारलेल्यांना दीड-दोन वर्षांत पुन्हा दोन आवृत्त्या सांभाळाव्या लागल्या.

'ॲप उघडलं म्हणजे चाललं' असं समजणं

खरी डोकेदुखी इथे आहे. समजा, पिंपळगावच्या एका द्राक्ष निर्यातदारासाठी कंटेनर कुठवर पोचला हे दाखवणारं ॲप केलंय. दुबईतल्या व्यापाऱ्याच्या हातात हुआवेचा फोन. ॲपची फाइल पाठवली, इन्स्टॉल झाली, लॉगिनचा स्क्रीनही आला. पण ओटीपी आपोआप भरला जात नाही, नकाशाच्या जागी करडा चौकोन दिसतो आणि माल बंदरात लागल्याचं नोटिफिकेशन येतच नाही. कोड कितीही चाळला तरी बग सापडत नाही.

कारण या तिन्ही गोष्टी अँड्रॉइडच्या नाहीतच, त्या गुगल प्ले सर्व्हिसेसच्या, म्हणजे गुगल अँड्रॉइडवर वेगळ्या घालून देतं त्या सेवांच्या आहेत. मे २०१९ मध्ये अमेरिकेने हुआवेला निर्बंधांच्या यादीत टाकलं आणि त्यानंतरच्या नव्या मॉडेलमध्ये गुगलच्या सेवा आल्या नाहीत. सिस्टिम ओळखीची, पण ज्याच्यावर आपण टेकलो होतो तेच गायब.

तपासणी अशी करा. ॲप सुरू होताना प्ले सर्व्हिसेस आहेत का ते बघा आणि उत्तर सर्व्हरला कळवा. पुश टोकन (नोटिफिकेशन कुठल्या फोनवर पाठवायचं ते सांगणारा कोड) मिळालं नाही तर तेही गुपचूप गिळू नका, नोंदवा. सर्व्हरवरच्या टोकनच्या टेबलात 'हे टोकन कुठल्या सेवेचं' असा एक जास्तीचा कॉलम ठेवा, म्हणजे उद्या हुआवेची पुश सेवा जोडताना टेबल मोडावं लागणार नाही. टोकनच नसेल तर सरळ एसएमएस जाऊ द्या. ओटीपीची चौकट हाताने भरता आलीच पाहिजे. तिला कुलूप लावणारे महाभाग आहेत. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणारी लायब्ररी आहेच, पण मला विचाराल तर व्यापाऱ्याला बंदराचं नाव आणि तारीख एवढंच हवं असतं.

हे सगळे कॉल शंभर फाइलींत विखुरलेले असतील तर दुरुस्ती रडवते. पुश, नकाशा, लॉगिन, पैसे भरणं यांना एकेका ठिकाणी गोळा करा आणि बाकी ॲपला त्यामागे कोण आहे हे कळूच देऊ नका.

'जुनी ॲप चालतील' या आश्वासनावर विसंबणं

'ब्लॅकबेरी १०' ही सिस्टिम जानेवारी २०१३ मध्ये आली तेव्हा तिच्यात अँड्रॉइडची ॲप चालवायची सोय होती. जावामध्ये लिहिलेली जुनी ब्लॅकबेरी ॲप मात्र चालत नव्हती. २०१५ मध्ये कंपनीने स्वतःच अँड्रॉइडचा फोन काढला. हुआवेच्या हार्मनी ओएसवरही आधी अँड्रॉइडची ॲप चालायची. ऑक्टोबर २०२४ च्या हार्मनी ओएस नेक्स्टमध्ये ती सोय काढून टाकली. अशी सोय मिळाली तर वापरा, पण तिच्या भरवशावर क्लायंटला तीन वर्षांचा शब्द देऊ नका.

स्टोअरची शेवटची तारीख चुकवणं

नोकियाच्या स्टोअरने १ जानेवारी २०१४ पासून सिम्बियन आणि मीगोसाठी नवी ॲप आणि अपडेट घेणं बंद केलं. आधीची ॲप डाउनलोड होत राहिली, पण त्यातला एक अक्षराचा बगही सुधारता येईना. म्हणून शेवटची आवृत्ती विचार करून चढवा. सर्व्हरचा पत्ता आपल्या स्वतःच्या डोमेनवर असू द्या, होस्टिंग कंपनीच्या नाही. नोंदी बाहेर काढायचं बटण द्या. स्टोअरवर घेतलेली वर्गणी दुसऱ्या स्टोअरवर जात नाही, तेव्हा कुणी किती पैसे भरलेत हे आपल्या सर्व्हरवरही लिहून ठेवा.

कोडला हात न लावता जुन्या फोनवर ॲप अचानक बंद पडलं, तर सर्व्हरकडे बघा. होस्टिंगवाल्याने जुनं टीएलएस (फोन आणि सर्व्हरमधला डेटा सुरक्षित ठेवायची पद्धत) बंद केलं असेल किंवा नवं प्रमाणपत्र ज्या मूळ प्रमाणपत्रावर उभं आहे ते त्या फोनला ठाऊकच नसेल.

एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) हे काम फुकट घुसू देणं

'एएमसी भरलीय ना, मग चालवून द्या' हे वाक्य सातपूरला जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकलंय. कोटेशनमध्ये आधीच लिहा: बग दुरुस्ती एएमसीत, फोन कंपनीने सिस्टिम किंवा स्टोअर बदलल्यास त्याचं काम वेगळं, दर वेगळा. आणि ते काम द्राक्षांच्या छाटणीनंतरच्या फवारण्यांच्या गडबडीत किंवा जानेवारी ते मार्चच्या निर्यात हंगामात हाती घेणार नाही, हेही तिथेच लिहा.