बोल्ट तुटेल हे धरूनच करायची तयारी

मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात उभी राहिलेली गाडी घरी उघडणार असाल, तर एखादा बोल्ट तुटेल हे धरूनच सामान जमवा. तुटल्यावर धावपळ केली की हातातलं पहिलं हत्यार चालवलं जातं आणि काम बिघडतं. रविवार मोकळा मिळतो खरा, पण नागदेवी स्ट्रीटवरची हत्यारांची बहुतेक दुकानं त्या दिवशी बंद असतात. म्हणून शनिवारी सकाळी सुरुवात करा आणि सोमवारी गाडीवाचून चालेल अशी सोय ठेवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर ड्रिलच्या आवाजाबद्दल सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा.

आदल्या रात्री उघडे आटे वायर ब्रशने घासून गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी पुन्हा मारा. ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर मात्र त्याचा थेंबही जाता कामा नये. गोटी (सॉकेट) सहा कोनांचीच घ्या; बारा कोनांची गंजलेल्या डोक्यावरून घसरते आणि डोकं गोल करते. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे सरळ दोन-चार ठोके द्या, आधी किंचित आवळा, मग सोडवा. स्प्रिंगसारखं लवचीक काही जाणवलं तर थांबा, कारण तेव्हा बोल्ट फिरत नसतो, पिळला जात असतो.

आता तुटल्यानंतरचं सामान. त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण खरेदी इथेच चुकते. १० चा पाना लागणारा बोल्ट १० चा नसतो, तो बहुधा ६ मिमीचा असतो. १२ किंवा १३ चा पाना लागतो तो सहसा ८ मिमीचा. नवे आटे पाडायचे तर नेहमीच्या ६ मिमी बोल्टसाठी ५ मिमीचं आणि १.२५ पिचच्या (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) ८ मिमी बोल्टसाठी ६.८ मिमीचं ड्रिल लागतं. तसाच दुसरा बोल्ट काढून नमुना म्हणून दुकानात नेला की पिचचा घोळ होत नाही. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, नवा बोल्टही त्याच ताकदीचा घ्या.

तुकडा वर डोकावत असेल तर व्हाइस ग्रिप, म्हणजे पकडून लॉक होणारी पक्कड, पुरते. नाहीतर वेल्डरकडून त्यावर नट वेल्ड करून घ्या. मला हा मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंजाची पकड सुटते. मात्र त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, आणि पेट्रोलच्या नळीजवळ वेल्डिंग नको, गॅसची ज्योतही नको. बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात असेल तर भोवतीचा भाग हीट गनने तापवा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून पकड ढिली होते.

तुकडा आत गेला असेल तर सगळं काम मध्यबिंदूवर अवलंबून असतं. कानशीने टोक सपाट करा, सेंटर पंचने बरोबर मधोमध खूण करा आणि ती चार बाजूंनी तपासून बघा. आधी बारीक ड्रिल, कमी वेग, वरून तेल, डोळ्यांवर गॉगल. उलट्या दिशेने कापणारं ड्रिल मिळालं तर जरूर घ्या, भोक पाडतानाच तुकडा कधीकधी फिरून बाहेर येतो. इझी आउट, म्हणजे भोकात उलटं फिरवून तुकडा बाहेर काढायचं हत्यार, अगदी शेवटी. ते फार कडक पोलादाचं असतं; आत तुटलं की साधं ड्रिल त्याला कापत नाही. मग विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या स्पार्क मशीनवर जायची वेळ येते, आणि त्यासाठी तो भागच गाडीतून उतरवावा लागतो. जोर वाढतोय असं वाटताच इझी आउट सोडून मोठं ड्रिल घ्या. आटे गेलेच तर हेलिकॉइलचं (भोकात बसवायच्या तारेच्या नव्या आट्यांचं) किट लागेल. त्याचं ड्रिल त्या किटमधलंच वापरा.

गाडीखाली जाणार असाल तर जॅकवर विसंबू नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा. ब्रेक, स्टिअरिंग किंवा सिलिंडर हेडचा बोल्ट तुटला आणि भोक तिरकं जायला लागलं, तर तिथेच हात आवरा आणि गाडी टोइंग करून लेथवाल्याकडे न्या.